जेनारो गट्टुसो: मधल्या फळीतला राबणारा

[धागा: सॅनसिरोवेडा]

गट्टुसोचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, "बाकी काही नव्हतं हो त्याच्यात, पळायचा मात्र भरपूर." हे वाक्य मला कित्येक वर्षं खुपतंय. नुसतं पळून कुणी एसी मिलानसारख्या संघात १३ हंगाम टिकत नाही. त्याच्या पळण्यात जे डोकं होतं त्याबद्दल फार कमी लिहिलं जातं, म्हणून हा धागा.

जन्म ९ जानेवारी १९७८. गाव कोरिल्यानो कालाब्रो, त्यातली स्क्याव्होनेआ ही समुद्राकाठची कोळ्यांची वस्ती. कालाब्रिया म्हणजे इटलीचं दक्षिण टोक. तिकडे कामधंदा कमी, त्यामुळे तरुण पोरं उत्तरेची वाट धरतात. वडील सुतारकाम करायचे आणि मिलानचे कट्टर चाहते होते. गट्टुसोने बाराव्या वर्षी घर सोडलं आणि पेरुजाच्या युवा संघात दाखल झाला. लहानपणी त्याचा आवडता खेळाडू कोण, तर साल्वातोरे बान्यी. नापोलीत मॅराडोना खेळत असताना मागे मधल्या फळीत राबणारा. दक्षिण इटलीतली सगळी पोरं मॅराडोनावर जीव टाकत होती तेव्हा याने बान्यीला निवडलं. आपल्याला काय जमणार आहे, हे त्याला फार लवकर कळलं होतं असं मला वाटतं.

१९९७ साली, एकोणिसाव्या वर्षी, तो थेट ग्लासगोला रेंजर्सकडे गेला. इंग्रजीचा गंध नाही, हवा थंड, खेळ धसमुसळा. त्याला मात्र ते सगळं मानवलं. रेंजर्स तोवर लागोपाठ ९ वेळा लीग जिंकले होते आणि दहावं विजेतेपद सेल्टिकने त्याच हंगामात हिसकावलं, म्हणजे संघ तणावातच होता. पण प्रशिक्षक वॉल्टर स्मिथ यांनी या पोराला जवळ केलं. त्या काळातली एक गोष्ट गट्टुसोने पुढे बऱ्याचदा सांगितली आहे. क्लबमध्ये सूट घालून यायचा नियम होता आणि याच्याकडे सूट नव्हता. संघातला इंग्लिश खेळाडू पॉल गॅस्कॉइन त्याला दुकानात घेऊन गेला, कपडे घेऊन दिले आणि म्हणाला, पैसे तुझ्या पगारातून वळते होतील. पगारातून काहीच कापलं गेलं नाही. सगळे पैसे गॅस्कॉइनने स्वतःच्या खिशातून भरले होते.

पुढच्या वर्षी डिक ॲडव्होकाट प्रशिक्षक म्हणून आले. ते त्याला उजव्या बगलेला बचावात खेळवू लागले. याला ते पटेना. ऑक्टोबर १९९८ मध्ये तो इटलीत परतला, सालेर्निताना संघात. तो संघ त्याच हंगामात खालच्या श्रेणीत घसरला. तरी १९९९ च्या उन्हाळ्यात मिलानने त्याला उचललं. खाली घसरलेल्या संघातला एकवीस वर्षांचा मध्यरक्षक मिलानला का हवा असावा, हे त्याचं त्या वर्षीचं काम बघितल्याशिवाय कळत नाही.

आता मुख्य मुद्दा. नोव्हेंबर २००१ मध्ये कार्लो अँचेलोत्ती मिलानचे प्रशिक्षक झाले. त्यांच्या हाती आंद्रेआ पिर्लो होता. पासिंग अफाट, पण अंगाने हलका आणि वेग बेताचा. अँचेलोत्तींनी त्याला आघाडीमागून काढून बचावफळीच्या पुढ्यात आणून बसवलं. जागा धोक्याची. तिथे चेंडू गमावला तर समोर फक्त दोन बचावपटू आणि गोली. हा जुगार चालला, कारण पिर्लोच्या उजव्या हाताला गट्टुसो होता. पुढे २००३ पासून उजव्या बगलेतून काफू सतत वर धावत जायचा, त्याच्या मागे पडणारं भगदाडही यानेच बुजवायचं. डावीकडे सेडॉर्फ, पुढे काका. म्हणजे कलाकारांचा ताफा, आणि त्या सगळ्यांच्या वाटचं मागे धावणं बऱ्याच अंशी एकाच माणसाकडे.

त्याचे जुने सामने बघताना चेंडूकडे बघू नका, त्याच्याकडे बघा. मिलानचा चेंडू गेला की हा आधी चेंडूवर झेपावत नाही. दोन-तीन पावलं तिरका मागे सरकतो आणि समोरच्याच्या सर्वांत सोप्या पासच्या वाटेत उभा राहतो. समोरचा अडखळतो. त्या अडखळण्यात याची झडप. चेंडू मिळाला की पाच-सात मीटरवर पिर्लोला किंवा सेडॉर्फला देऊन मोकळा. स्वतः काही भारी करून दाखवायचा मोह नाही. मिलानसाठी ४६८ सामन्यांत ११ गोल, इटलीसाठी ७३ सामन्यांत १. तो एकमेव गोल नोव्हेंबर २००० मध्ये तुरीनला इंग्लंडविरुद्ध, लांबून मारलेला. सामना इटलीने १-० ने जिंकला. बेकहॅमने इंग्लंडचं नेतृत्व पहिल्यांदा केलं तो हाच सामना.

२ मे २००७ चा सामना मला सर्वांत जवळचा. चॅम्पियन्स लीगची उपांत्य फेरी, समोर मँचेस्टर युनायटेड. आधी युनायटेडच्या मैदानावर, ओल्ड ट्रॅफर्डवर, मिलान २-१ ने पुढे असताना गट्टुसो जखमी होऊन बाहेर गेला. माल्दिनी मध्यंतरालाच गेला होता. त्यानंतर रूनीने दोन गोल केले आणि मिलान ३-२ ने हरलं. आठवड्याने मिलानच्या सॅन सिरो मैदानावर धो-धो पाऊस, मैदान निसरडं, आणि गट्टुसो परत आलेला. त्या वर्षी क्रिस्टियानो रोनाल्डोला अडवणं कुणाला जमत नव्हतं. त्या रात्री त्याला चेंडू मिळाला की एका अंगाने उजव्या बगलेचा बचावपटू ओड्डो आणि आतल्या अंगाने गट्टुसो. रोनाल्डोला आत वळायला जागाच राहिली नाही. काका, सेडॉर्फ, जिलार्दिनो, ३-० आणि विषय संपला. गोल करणाऱ्यांत याचं नाव नाही. पुढे अथेन्सला लिव्हरपूलला २-१ ने हरवून मिलानने चषक घेतला.

त्याआधी दोन वर्षं इस्तंबूल होतं, याच लिव्हरपूलविरुद्धचा चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना. २५ मे २००५, मध्यंतराला ३-० ने पुढे, मग सहा मिनिटांत ३-३, आणि पेनल्टी शूटआउटमध्ये हार. आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. तो पराभव गट्टुसोच्या फार जिव्हारी लागला. तो तसा माणूस. हार अंगाला लावून घेणारा.

२००६ च्या विश्वचषकाबद्दल मुद्दाम थोडं ठेवलंय, प्रतिसादांत बोलू.

---

[चौथा रेफ्री]

लेख आवडला. २००६ चं मी लिहितो, कारण त्यात एक गंमतीचा धागा आहे.

गट्टुसो स्पर्धेच्या सुरुवातीला दुखापतीमुळे बाकावर होता. अमेरिकेविरुद्ध इटलीच्याच डी रॉसीने कोपर मारलं आणि २८ व्या मिनिटाला त्याला लाल कार्ड मिळालं. दहा जण उरले. प्रशिक्षक मार्चेल्लो लिप्पींनी काय करावं, तर पस्तिसाव्या मिनिटाला टोट्टीला बाहेर काढून गट्टुसोला आत घातलं. डी रॉसीवर चार सामन्यांची बंदी आली आणि तिथून अंतिम सामन्यापर्यंत पिर्लोशेजारची जागा याचीच झाली. संपूर्ण स्पर्धेत इटलीवर फक्त दोन गोल झाले. एक झक्कार्दोचा स्वयंगोल आणि दुसरा अंतिम सामन्यातली झिदानची पेनल्टी. चालत्या खेळात एकाही प्रतिस्पर्ध्याला इटलीवर गोल करता आला नाही! श्रेय कॅनाव्हारो आणि बुफॉनला मिळतं, मिळायलाच हवं. पण त्यांच्यापर्यंत चेंडू किती कमी वेळा पोचला हे कुणी बघत नाही.

बर्लिनला फ्रान्सविरुद्धच्या अंतिम सामन्यात तो पूर्ण १२० मिनिटं खेळला आणि इटली पेनल्टी शूटआउटमध्ये जिंकली. जिंकल्यावर चड्डी काढून नुसत्या आतल्या कपड्यांवर मैदानभर धावला, ते दृश्य तर जगाने पाहिलं.

---

[बालेवाडी एक्स्प्रेस]

वरच्या प्रतिसादाला +१. त्या शूटआउटमध्ये ज्याची पेनल्टी आडव्या दांड्यावर आदळली तो फ्रान्सचा डेव्हिड ट्रेझेगे २०१४ साली आपल्या पुण्याच्या संघातून आयएसएल (इंडियन सुपर लीग) खेळला. बालेवाडीला त्याला समोर बघताना माझ्या डोळ्यांपुढे सारखा बर्लिनचा तो दांडाच येत होता. त्याच पहिल्या मोसमात नेस्टा चेन्नईकडून आणि देल पिएरो दिल्लीकडून खेळले. इटलीचे विश्वविजेते आपल्या मैदानांवर उतरलेले पाहायला मिळाले. गट्टुसो तेवढा राहिला, याची मला आजही हळहळ वाटते.

---

[रोखठोक]

धागा छान, पण एक बाजू पूर्ण सुटली आहे. फेब्रुवारी २०११, मिलान विरुद्ध टॉटनहॅम. सामना चालू असताना त्याने टॉटनहॅमचे सहायक प्रशिक्षक जो जॉर्डन यांच्या गळ्याला हात घातला आणि सामना संपल्यावर त्यांना डोक्याने धडक दिली. जॉर्डन तेव्हा साठीला टेकलेले. हे कर्णधाराचं वागणं? मेहनती खेळाडू म्हणून त्याला डोक्यावर घेताना हेही सांगायला हवं. नव्या पोरांना वाटतं की आरडाओरडा आणि धसमुसळेपणा म्हणजेच जिद्द.

---

[सॅनसिरोवेडा]

@रोखठोक, तुमचं म्हणणं पूर्ण मान्य. त्या प्रकाराला सबब नाही. युएफाने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल महासंघाने, त्याला चार सामन्यांची बंदी घातली, पिवळ्या कार्डांची धरून पाच. त्याने त्याच रात्री चूक कबूल केली आणि माफीही मागितली, पण घडायचं ते घडून गेलं होतं. त्याच्या तापटपणाची किंमत संघानेही मोजली आहे. युरो २००८ मध्ये फ्रान्सविरुद्ध त्याला आणि पिर्लोला, दोघांनाही पिवळं कार्ड मिळालं आणि स्पेनविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्याला दोघे मुकले. इटली पेनल्टीवर बाहेर पडली.

माझा मुद्दा एवढाच की हा संताप म्हणजे त्याचा खेळ नव्हे. "रिंगियो", म्हणजे गुरगुरणारा, हे टोपणनाव त्याला चिकटलं आणि लोकांनी त्यापलीकडे बघायचं सोडलं.

---

[तालीम ते मैदान]

मी कोल्हापुरात पोरांना फुटबॉल शिकवतो. आमच्याकडे शाहू स्टेडियमवर पेठा-तालमींच्या सामन्यांना तुफान गर्दी होते आणि प्रत्येक पोराला स्ट्रायकर व्हायचं असतं. मधल्या फळीत खेळ म्हटलं की तोंड पडतं. म्हणून हा धागा वाचून फार बरं वाटलं.

तांत्रिक भर घालतो. "आधी पासची वाट अडव, मग चेंडूवर जा" हे लिहायला सोपं, पण मैदानात करणं महाकठीण, कारण अंगाचा कल चेंडूकडेच असतो. गट्टुसोची उभं राहायची ढब बघा. खांदे कधी सरळ समोर नाहीत, कायम अर्धवट वळलेले. एक पाय पुढे, गुडघे वाकलेले. त्यामुळे समोरच्याला एकच बाजू मोकळी दिसते आणि तो तिकडेच जातो. तिकडे कोण उभं आहे हे गट्टुसोला आधीच माहीत असतं. म्हणजे तो माणसाला आपल्या साथीदाराच्या तोंडी देतो. निम्म्या वेळा चेंडू नेस्टा किंवा ओड्डो हिसकावतो आणि बघणाऱ्याला वाटतं, गट्टुसो हुकला.

दुसरं म्हणजे त्याचं बोलणं. आवाज ऐकू येत नसला तरी हात सतत चालू. तू इकडे, तू वर, मागे बघ. चेंडू दूर असतानाच सगळी मांडामांड. माझ्या पोरांना मी हेच सांगतो, की तोंड बंद ठेवून मधल्या फळीत खेळता येत नाही. सॅन सिरोचा तो युनायटेडचा सामना मी त्यांना दाखवणार आहे, पण गोल गाळून.

---

[क्लाइडकाठची]

मी गेली काही वर्षं ग्लासगोत राहते. माझ्या ऑफिसातले जुने रेंजर्सवाले गट्टुसोचं नाव अजून प्रेमाने काढतात. एकच तर हंगाम आणि वर थोडे आठवडे खेळला, पण इथल्या लोकांना झोकून देऊन खेळणारा माणूस आपला वाटतो. वॉल्टर स्मिथ ऑक्टोबर २०२१ मध्ये गेले, तेव्हा सगळं शहर हळहळलं. २०२४ मध्ये आयब्रॉक्स स्टेडियमबाहेर त्यांचा पुतळा उभारला. गट्टुसो त्यांना वडिलांच्या जागी मानायचा. आणखी एक, त्याची बायकोही त्याला ग्लासगोतच भेटली. त्यामुळे या शहराशी त्याचं नातं नुसतं फुटबॉलपुरतं नाही.

---

[नाडीपरीक्षा]

दुखापतींबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. मी डॉक्टर आहे, हाडांची नाही, पण हे प्रकार मला माहीत आहेत.

डिसेंबर २००८, कातानियाविरुद्धचा सामना. सुरुवातीलाच त्याच्या उजव्या गुडघ्यातला क्रूशिएट लिगामेंट फाटला आणि तो तरीही खेळत राहिला. हा लिगामेंट गेला की पाय टेकवून वळताना गुडघा आतून सरकल्यासारखा होतो. सरळ धावणं कसंबसं जमतं, पण झटकन दिशा बदलणं जवळपास अशक्य. आणि गट्टुसोचा सगळा खेळ दिशा बदलण्यावर! म्हणून ते वाचून मला कौतुकापेक्षा काळजीच वाटली होती. असं कुणी करू नये. पुढे शस्त्रक्रिया झाली आणि कित्येक महिने गेले.

त्याहून गंभीर सप्टेंबर २०११ मध्ये. लाझिओविरुद्ध त्याला एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्या आणि मैदान सोडावं लागलं. निदान झालं डोळ्याच्या स्नायूंच्या मायस्थेनियाचं. यात नसेकडून आलेला संदेश स्नायूपर्यंत नीट पोचत नाही, कारण शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती मधल्या सांध्यावर हल्ला करते. दोन डोळे एका रेषेत राहत नाहीत, म्हणून दुहेरी दिसतं. उपचारांत स्टिरॉइड्स लागतात, वजन वाढतं, थकवा येतो. ज्या माणसाला चेंडू कुठून येतोय हे एका नजरेत ओळखायचं असतं त्याच्यासाठी हे किती भयंकर असेल. तरी २०१२ मध्ये तो मैदानात परतला आणि त्याच मे महिन्यात नेस्टा, इन्झागी यांच्याबरोबर मिलानमधून निरोप घेतला.

---

[सॅनसिरोवेडा]

@नाडीपरीक्षा, डॉक्टरताई, मनापासून आभार. मायस्थेनियाबद्दल इतकं स्पष्ट मी कुठे वाचलं नव्हतं.

@तालीम ते मैदान, सर, खांद्यांचं निरीक्षण अचूक आहे. काल रात्री पुन्हा तो सामना लावला आणि पूर्ण वेळ फक्त खांदे बघितले.

---

[उजवी बगल]

प्रशिक्षक म्हणून त्याचं काय? मला तर तो कुठेच टिकलेला दिसत नाही.

---

[चौथा रेफ्री]

@उजवी बगल, टिकला नाही हे खरं. स्वित्झर्लंडमध्ये सिऑन, मग पालेर्मो, मग ग्रीसच्या क्रीट बेटावरचा ओएफआय क्लब. सगळीकडे काही महिने. ओएफआयमध्ये तर खेळाडूंचे पगारच होत नव्हते. पण पिसाला त्याने २०१६ मध्ये तिसऱ्या श्रेणीतून वर आणलं. २०१७ च्या शेवटी मिलानने बोलावलं. पहिलाच सामना बेनेव्हेंतोविरुद्ध. त्या संघाने तोवर सेरी आमध्ये, म्हणजे इटलीच्या पहिल्या श्रेणीत, एकही गुण मिळवला नव्हता, आणि ९५ व्या मिनिटाला त्यांच्या गोलीने पुढे येऊन हेडरने गोल केला, २-२! अशा सुरुवातीनंतरही पुढच्या पूर्ण हंगामात त्याने मिलानला ६८ गुणांपर्यंत नेलं. चॅम्पियन्स लीगची जागा एका गुणाने हुकली. मग त्याने स्वतःहून पद सोडलं आणि कराराची उरलेली दोन वर्षं असताना त्या पैशांवर पाणी सोडलं, आपल्या साहाय्यकांचे पैसे मात्र त्यांना मिळावेत म्हणून.

नापोलीला जून २०२० मध्ये त्याने युव्हेंटसला पेनल्टीवर हरवून कोप्पा इटालिया हा इटलीचा चषक जिंकून दिला. त्याची बहीण त्याच महिन्यात वारली होती. चषक मिळाल्यावरचा त्याचा चेहरा मला विसरता येत नाही. जून २०२५ मध्ये तो इटलीचा प्रशिक्षक झाला. हाताखालचा संघ कुठला, तर २०१८ आणि २०२२ अशा दोन विश्वचषकांना पात्रही न ठरलेला.

---

[जुना चाहता]

गट्टुसो थोर आहेच, पण इटलीत मधल्या फळीत राबणाऱ्यांची ही परंपरा जुनी आहे. इंटरचा गाब्रिएले ओरियाली बघा, १९८२ चा विश्वविजेता. मुलांना रोसी आठवतो, टार्डेल्ली आठवतो, ओरियाली कुणाला आठवत नाही.

आणि माझ्या मते सगळ्यांत वरचं नाव रोमाच्या डामियानो तोम्मासीचं. २००१ च्या लीग विजेतेपदात मधली फळी त्याने वाहिली. २००४ मध्ये एका मैत्रीपूर्ण सामन्यात त्याचा गुडघा पार निकामी झाला. खेळता येत नसताना क्लबकडून पूर्ण पगार कसा घ्यायचा, म्हणून त्याने २००५ मध्ये खेळाडूंच्या किमान वेतनावर नवा करार केला, महिना १५०० युरो! आणि तो परत येऊन खेळला. पुढे खेळाडूंच्या संघटनेचा अध्यक्ष झाला आणि २०२२ मध्ये व्हेरोनाचा महापौर.

आंजेलो दि लिव्हिओचंही नाव घ्या. २००२ मध्ये फिओरेंतिना दिवाळखोरीत गेली आणि संघाला चौथ्या श्रेणीतून सुरुवात करावी लागली. त्याच वर्षी विश्वचषक खेळलेला हा माणूस क्लबबरोबर खाली गेला आणि त्यांना वर आणेपर्यंत थांबला.

---

[क्लाइडकाठची]

तोम्मासीचं हे मला अजिबात माहीत नव्हतं. १५०० युरो? विजेत्या संघातल्या खेळाडूने? कृपया यावर सविस्तर लिहा.

---

[सॅनसिरोवेडा]

@जुना चाहता, काका, तोम्मासीवर वेगळा धागा तुम्हीच काढा. तुम्ही त्या वर्षांतली रोमा टीव्हीवर दर आठवड्याला पाहिली आहे, माझ्याकडे तेवढा ऐवज नाही. दि लिव्हिओच्या चौथ्या श्रेणीतल्या हंगामाबद्दल मी जमवतोय ते तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. प्रशिक्षक कापेल्लोंच्या त्या रोमा संघात एमर्सन आणि तोम्मासी यांनी कामं कशी वाटून घेतली होती, हेही त्यात जरूर येऊ द्या.